बिडाचा सांधा

दुष्काळी कामावर खडी फोडायला ज्या बायका जात, त्यांत त्या वर्षी गुरप्पा कंबाराची, म्हणजे लोहाराची, बायको नागम्माही होती. हातोडी घरचीच, गुरप्पाने घडवलेली. सकाळी भाकरी फडक्यात बांधून ती अक्कलकोटच्या रस्त्याला लागे आणि गुरप्पा दारात उभा राहून दुसरीकडे बघे.

मृगात पाऊस आला नाही, आर्द्रात आला नाही. पुढे कुणी नक्षत्रं मोजायचंही सोडलं. दुधनीच्या शिवारात तिफण निघाली नाही, फाळ झिजला नाही. गुरप्पाच्या भात्याचं कातडं वाळून त्याला चिरा पडल्या. खडीच्या कामावर हत्यारं शेवटायला, त्यांना धार काढायला माणूस लागत होता, पण ठेकेदाराने आपला लोहार बरोबर आणला होता. गुरप्पा दोनदा तिथे जाऊन आला. दुसऱ्या खेपेला त्या लोहाराने त्याला, "तंबाखू हाय का?" एवढंच विचारलं.

एका संध्याकाळी नागम्मा आली ती डाव्या भुवईवर पदर दाबून. खडीची कपची उडून लागली होती. गुरप्पाने हळद भरली. ती म्हणाली, "डोळा वाचला की. लागलं न्हाय फार."

दुसऱ्या दिवशी महादेवप्पा आला. हा कापसाच्या जिनातला मिस्त्री. पलीकडच्या मुलखातून गाड्या येत होत्या, त्यामुळे जिन चालू होता. ऐरणीवर हात टेकून तो म्हणाला, "थंड पडलीया."

"काम कुटं हाय."

"हाय. मालकांनी मुंबईस्नं गॅसचं सामान आणलंय. लोखंड वितळवून जोडायचं. संगट आलेला मानूस तापानं पडला आन गेला निघून. सामान पडून हाय. मशीनचं बीड मोडलं की आमी ते घेऊन सोलापूर गाठायचं, तवर समदं बंद. तू शिकून ये. जिनातलं जोडकाम तुजं."

"बीड जोडतं व्हय?" गुरप्पाने विचारलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड; ते तापवून हाणलं की त्याचे तुकडे होतात, हे त्याला बापाने शिकवलं होतं. घण सोसतं ते लोखंड वेगळं.

"जोडतं. म्या बघितलंय. सोलापुरात विजापूर वेशीजवळ एकजण करतो. आपल्या दुधनीचाच की. इसूफ. महिनाभर ठिवून घेतो म्हनला."

महादेवप्पा गेल्यावर गुरप्पा बराच वेळ तसाच बसला. त्याने डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत धरला होता. तो अंगठा वरच्या पेरातून वाकत नसे.

बारा वर्षांपूर्वी इसूफ त्याच्याकडे घण मारायला होता. चांदबी म्हणून एक विधवा बाई गावात वाकळा शिवायची, तिचा हा मुलगा. अठरा वर्षांचा, खांद्याने रुंद. बाजारच्या दिवशी कुऱ्हाडीचं पातं घडवताना त्याचा घण सांडशीवर बसला आणि गुरप्पाचा अंगठा चिरडला. दहा-वीस माणसं उभी होती. गुरप्पाने रक्ताळल्या हाताने त्याच्या तोंडात मारली आणि म्हणाला, "पुना ऐरणीपाशी दिसू नगंस." त्यानंतर इसूफला गावात कुणी हत्याराचं काम दिलं नाही. महिन्याभरात मायलेकरं सोलापूरला गेली.

रात्रीच्या भाकरीच्या वेळी त्याने नागम्माला सांगितलं.

"मग जावा की," ती म्हणाली.

"त्येच्याकडं?"

"दुसरं कोन शिकवतंय?"

तिने भाकरी थापली ती डोकं खाली घालूनच. भुवईवरची हळद वाळून तडकली होती.

*

इसूफचं काम पत्र्याच्या शेडमध्ये होतं. बाहेर सायकली, मोटारीचे मडगार्ड, एक मोडका रहाट. गुरप्पा गाठोडं घेऊन उभा राहिला तेव्हा इसूफ गॅसची बत्ती विझवत होता. त्याने निळ्या काचांचा चष्मा कपाळावर सरकवला. दाढी आली होती, पोट थोडं सुटलं होतं.

"या, मामा," तो म्हणाला. "गाडी येळेवर आली?"

पूर्वीही तो मामाच म्हणायचा. गुरप्पाने वाटेत दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती, ती तशीच राहिली.

"राहायचं कसं?" इसूफने विचारलं.

"मठात सोय झालीया. भाकरी मीच करून घेईन."

"बरं. सकाळी गिरणीचा भोंगा वाजला की यायचं."

पहिले आठ दिवस गुरप्पाने बत्तीला हातही लावला नाही. शेडच्या मागे लोखंडी पिंप होतं. त्यात कारबाईटचे खडे टाकायचे, वर पाणी ठिबकायचं, की गॅस तयार होई आणि रबरी नळीने आत जाई. दुसऱ्या नळीने लांब बाटल्यांतला ऑक्सिजन येई. पिंपात मागे उरायचा तो पांढरा चिखल, ओल्या चुन्यासारखा. त्याला सडल्या लसणाचा वास येई. तो खरवडून, घमेल्यात भरून खड्ड्यात नेऊन टाकायचा. हाताची कातडी सोलून निघाली. मठात लोक त्याच्यापासून जरा लांब बसू लागले.

हा उट्टं काढतोय, असं गुरप्पाला वाटलं. ज्याच्या स्वतःच्या ऐरणीवर चार गावं येत, तो सेहेचाळीस वर्षांचा माणूस घमेली वाहत होता. नवव्या दिवशी त्याने घमेलं जरा जोराने आपटलं.

इसूफने मान वर केली. "मी दोन महिने चुनाच काढला, मामा. पिंप कळलं न्हाय तर एक दिवस उडतं. इथल्या एकाचा डोळा गेलाय." मग म्हणाला, "हात धुवा. आज बत्ती धरा."

बत्ती म्हणजे पितळेची नळी, मानेत वाकलेली. आधी गॅस पेटवायचा, काजळी सोडणारी पिवळी ज्योत निघे. मग ऑक्सिजनची कळ हळूहळू सोडायची. पिवळेपणा आत ओढला जाई, आणि शेवटी टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं टोक राही.

"आवाज ऐका," इसूफ म्हणाला. "सूंऽ करून वरडली तर लोखंड जाळती. मऊ बोलली पायजे."

ते गुरप्पाला लवकर कळलं. भात्याचा आवाज ऐकत जन्म गेला होता. पण चष्मा घातला आणि त्याचं सगळं ज्ञान एका क्षणात गेलं. त्याला लोखंड ओळखू येई ते रंगावरून. तांबडं झालं की वाकवायचं, केशरी झालं की घडवायचं, पांढऱ्यावर ठिणग्या उडू लागल्या की टाकणखार टाकून जोडायचं. निळ्या काचेतून तांबडं नव्हतं, केशरी नव्हतं. सगळं लोखंड एकाच रंगाचं. त्याने चष्मा काढून बघितलं. मठात परतेपर्यंत डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, रात्रभर पाणी गळलं.

सकाळी इसूफने त्याचे लाल डोळे बघितले. स्वतःच्या हाताने चष्मा त्याच्या नाकावर बसवला. "रंग बघू नका. हालतंय का बघा. आधी घाम येतो लोखंडाला, मग रस हुतो. त्यो रस फुडं न्यायचा. त्येच्यात तार बुडवायची. बास."

दोन पट्ट्या शेजारी ठेवायच्या. उजव्या हातात बत्ती, डाव्या हातात तार. गुरप्पा बत्ती धरी, लोखंड घामेजे, आणि रस धरला की त्याचा उजवा हात आपोआप खाली जाई. तीस वर्षं लोखंड तापलं की उजव्या हाताने मारलेलं. टोक रसात बुडे, फट् करून बत्ती विझे, रस उडून हातावर पडे. नाहीतर पट्टीला भोक. डाव्या हातातली तार पुढे सरकवायला अंगठा लागतो; त्याचा अंगठा काठीसारखा. तार निसटून खाली पडे. वाकून उचलेपर्यंत रस थिजे.

आठवड्याभरात त्याने एवढी भोकं पाडली की इसूफने भंगाराची पाटी त्याच्या शेजारीच आणून ठेवली.

मंगळवेढ्याचा एक गाडीवान आपली कढई जोडून घ्यायला आला होता. गुरप्पाची तार पडताना बघून तो हसला. "उस्ताद, येवढा बाप्या शिकाऊ ठिवलाय व्हय?"

गुरप्पा तार उचलायला वाकला होता, तो वाकलेलाच राहिला.

इसूफ म्हणाला, "ह्येंच्या हातची धाव तुज्या चाकाला बसली असती तर तुज्या नातवानं बी तीच गाडी हाकली असती. कढई ठिवून जा. दुपारी ये."

त्या दिवशी रशीदाने, इसूफच्या बायकोने, घरातून दोन कप चहा पाठवला. आजवर गुरप्पा नळावर जाऊन पाणी पीत असे. त्याने कप घेतला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी इसूफ बराच वेळ त्याच्या मागे उभा राहून बघत होता. तार पडली. गुरप्पा वाकणार तोच इसूफ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मामा, तुमी सांडशी कंच्या हातात धरायचा?"

"डाव्या."

"हालायची?"

"सांडशी? कशी हालंल?"

"मग बत्ती डाव्या हातात घ्या. तार उजव्या."

गुरप्पाने हात बदलले. बत्ती डाव्या मुठीत बसली. तिथे अंगठ्याला काम नव्हतं, मूठ पुरे होती. आणि त्या हाताला मारायची सवयच नव्हती. तीस वर्षं त्याने फक्त धरलं होतं, घणाखाली, न हलता. लोखंड घामेजलं, रस झाला. हात खाली गेला नाही. उजव्या हाताच्या बोटांनी तार थोडी पुढे केली, रसाने ती घेतली. तो एक बोटभर पुढे गेला, मग चार बोटं. पट्टीच्या टोकाशी येईपर्यंत तो श्वास घ्यायचा विसरला होता.

इसूफने पट्टी थंड केली, पकडीत धरून वाकवली. सांधा तुटला नाही. त्याच्यावर खवल्यांसारख्या ओळी उठल्या होत्या, वाकड्या, पण सलग.

"झालं," इसूफ म्हणाला. मग पट्टी हातात फिरवत, खाली बघत म्हणाला, "त्यो अंगठा बघितला की मला जेवन जात न्हाई, मामा. आठ दिस बगतोय. माजाच घण चुकला. तवा माफी मागायची बी राहिली."

गुरप्पाने बत्ती विझवली, नळ्या गुंडाळल्या आणि तो मठात गेला. पिठात पाणी जास्त झालं, भाकरी जमली नाही. तो तसाच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत इसूफ बाजेवर बसला होता. गुरप्पा त्याच्या समोर उकिडवा बसला.

"घण तुजा चुकला न्हवता," तो म्हणाला.

इसूफने बघितलं.

"तू घण उचलला, आन मी पातं फिरवलं. सांगितल्याबिगार. बाजूला कुणीतरी कायतरी बोललं, माजं ध्यान गेलं. मला तवाच कळलं व्हतं. रक्त आलं त्येच्या आधी कळलं व्हतं."

गिरणीचा भोंगा झाला. रस्त्यावरून कामगार बायका घोळक्याने गेल्या. इसूफ बाजेच्या सुतळीत बोट घालून बसला होता.

"अम्मी जाताना बी म्हनत व्हती," तो शेवटी म्हणाला. "दुसऱ्याचा हात मोडून आलास, आता कुनाचं वंगाळ करू नगंस. मी व्हय म्हनलो. मरनाऱ्या मानसाला व्हय म्हनलो मी."

"माजं चुकलं, इसूफ."

"मला सांगून काय उपेग? मला तर समद्यांम्होरं हाकललंत."

तो उठून आत गेला. त्या दिवशी शेडमध्ये फक्त बत्तीचा आवाज होता. संध्याकाळी गुरप्पाने गाठोडं बांधलं आणि सकाळी निरोप घ्यायला म्हणून शेडवर आला. इसूफ पिंपात कारबाईट टाकत होता. त्याने गाठोड्याकडे बघितलं.

"बीड ऱ्हायलंय," तो म्हणाला. "शिकायला आलाय न्हवं? शिकून जावा."

त्याने बीड शिकवलं, नीट शिकवलं, काही राखून ठेवलं नाही. जोडायच्या जागी दोन्हीकडून उतार काढायचा. आधी सगळा तुकडा तापवायचा. बिडाचीच कांडी वितळवून भरायची. आणि गार होऊ द्यायचं सावकाश, वारा न लागता. पण त्या दिवसापासून जायच्या दिवसापर्यंत तो एकदाही मामा म्हणाला नाही. "गुरप्पा, ते धरा," म्हणायचा. गाडीवर सोडायलाही आला नाही. रशीदाने दारातून सांगितलं, "ओ काम पे गये."

*

दुधनीत जिनाच्या मशीनचा बिडाचा पाय तडकला होता. मांडीएवढा लांब, मधोमध चीर. महादेवप्पा वाटच बघत होता.

"आज लावाय पायजे, गुरप्पा. गाड्या उभ्या हायत."

गुरप्पाने जिनाच्या आवारातच, उघड्यावर, लाकडं पेटवून पाय तापवला. मालकांनी आणलेली बत्ती नवी होती, चकचकीत. ती त्याने डाव्या हातात धरली तेव्हा हमाल एकमेकांकडे बघू लागले. सांधा भरला. दिसायला चांगला होता. राखेत पुरला, पण वारा सुटला होता, राख उडत होती. तासाभराने महादेवप्पा म्हणाला, "झालं असंल की. काढ."

"आजून येळ पायजे."

"गाडीवान शिव्या द्याय लागल्यात."

गुरप्पाने काढलं. पाय उचलून जमिनीवर ठेवला आणि तो बाजूला होतो तोच बारीक आवाज झाला. टिंग. काचेची बांगडी वाढवावी तसा. सांध्याच्या शेजारून नवी चीर धावत गेली होती.

हमाल पांगले. महादेवप्पा वाकून चिरेवरून बोट फिरवत राहिला. "मालकाला काय सांगू?"

"दोन दिस दे," गुरप्पा म्हणाला. "पाय आन गॅसचं सामान माज्या घरला न्हेतो."

नागम्मा त्या दोन दिवसांत खडीवर गेली नाही. आदल्या संध्याकाळी तिने भात्याच्या चिरांना तेल चोळलं, दोन ठिकाणी कातडं शिवून घेतलं. सकाळी गुरप्पाने लोहारशाळेचं दार आतून लावलं, खिडकीला पोतं अडकवलं. कोळसा रचून त्यात पाय झोपवला.

"सावकाश," तो म्हणाला. "जोर नगं. ऊब चढू दे."

नागम्मा भाता ओढू लागली. दोन्ही हातांनी, एका लयीत. घाम तिच्या हनुवटीवरून पडत होता. बीड काळ्याचं काळपट तांबडं झालं, सगळीकडे सारखं. मग त्याने चष्मा चढवला आणि विस्तवावर असतानाच बत्ती लावली. तो रस बघत होता आणि ती त्याच्या पाठीकडे बघून भाता कमी-जास्त करत होती. एकदा त्याने नुसती मान हलवली, तिने वारा कमी केला. दुपार कलेपर्यंत चीर भरली.

मग दोघांनी मिळून तो पाय खड्ड्यात उतरवला. वर कोळशाची गरम राख, तिच्यावर चाळलेला चुना, वर पत्रा. महादेवप्पा संध्याकाळी आला. नागम्मा दारातच बसली होती.

"परवा सकाळी," ती म्हणाली.

"बघू तर दे."

"परवा सकाळी, मिस्त्री."

तो परत गेला.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. राखेतून काढला तेव्हा पाय हाताला कोमट लागत होता. गुरप्पाने तो ऐरणीवर ठेवून हातोडीने हलकेच वाजवला. स्वच्छ, लांब नाद आला. कानस मारून सांधा सपाट केला. हमालांनी पाय उचलून जिनात नेला, त्यांच्या मागोमाग बाजाराला आलेली माणसं. पाय बसला, पट्टा चढला, मशीन फिरू लागलं. सरकी खाली पडू लागली. एक तास सगळे बघत होते.

महादेवप्पाने आपलं उपरणं काढून गुरप्पाच्या खांद्यावर टाकलं. "गुरप्पा, सोलापूरला जायचं काम संपलं आमचं."

माणसं जवळ आली. त्यांत जुना पाटकरी ज्ञानबा होता, अंगठा चिरडला त्या दिवशी लोहारशाळेपुढे उभा असलेला. आणखीही दोघं-तिघं होते. गुरप्पाचे कान तापले. त्याने उपरणं खाली काढून हातात घेतलं.

"मला हे इसूफनं शिकवलं," तो म्हणाला. "चांदबीचा इसूफ. बारा वर्सामागं मी त्येला तुमच्याम्होरं मारलं आन हाकललं. ह्यो अंगठा त्येनं मोडला म्हनून. त्येचा घण बरोबर पडला व्हता. मीच पातं फिरवलं. चूक माजी व्हती."

मशीनचा आवाज चालू होता. ज्ञानबाने कानाला हात लावला.

"कोन इसूफ?"

"चांदबीचा. वाकळा शिवायची ती."

"हां. ती व्हय." ज्ञानबाने जरा आठवून बघितलं. "तुजा अंगठा मोडलाय? मला वाटलं उपजतच हाय." मग म्हणाला, "माजं जातं हाय बघ, त्येचा खुंटा हालतोय. ते जोडतं काय ह्येनं?"

दुसरा एकजण मोटारीबद्दल विचारू लागला. गुरप्पा सगळ्यांना उत्तरं देत राहिला. ज्यांच्यासाठी त्याने बारा वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं, त्यांतल्या कुणाला काही आठवतही नव्हतं.

तो घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. नागम्मा अंगणात भांडी घासत होती. तिला कळलं होतं; जिनातून आलेल्या बायकांनी सांगितलं होतं. तो तिच्यासमोर दगडावर बसला.

"सांगितलंसा म्हनं," ती म्हणाली.

"सांगितलं. कुनाला ठावंच न्हाय."

तिने परात पालथी घातली. तिचे हात राखेने भरले होते.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

गुरप्पाने मान वर केली.

"भात्यावर कोन व्हतं त्या दिशी? मीच की. तुमी पातं फिरवलेलं बघितलं मी."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हनून."

"बारा वर्सं?"

तांब्यातलं पाणी तिने हातांवर ओतलं, राख गेली, खडीने पडलेले घट्टे उघडे झाले.

"चांदबी आली व्हती माज्याकडं, गाव सोडायच्या आदल्या दिशी. हितंच, ह्या दगडावर बसली व्हती. म्हनली, नागम्मा, तू तितं व्हतीस, खरं सांग, माज्या पोराचा हात चुकला काय. मी म्हनलं, व्हय. चुकला."

शेजारच्या घरात कुणीतरी जोंधळे पाखडत होतं. गुरप्पा दगडावरून उठला आणि पुन्हा बसला.

"तिची कबर कुटं हाय," नागम्माने विचारलं, "इचारलं काय तुमी?"

त्याने विचारलं नव्हतं.

"मग सोमवारच्या गाडीनं जाऊ," ती म्हणाली. "इसूफला मी इचारते." आणि तिने धुतलेली भांडी उचलून आत नेली.